झडपेची परतीची वाट



मोटारीचे इंजिन अधिक वेगाने फिरवावे अशी हौस ज्याला उत्पन्न होते, तो बहुधा प्रथम हवेचा आणि इंधनाचा विचार करतो. परंतु गतीला आडवी येणारी मर्यादा पुष्कळदा झडपांच्या कारभारात दडलेली असते, आणि तीही झडप उघडण्यात नसून मिटण्यात असते. उघडण्याचे काम कॅमचे, आणि त्याच्या उंचवट्यापुढे झडपेचे काही चालत नाही. मिटण्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी स्प्रिंगवर असते. कॅम ज्या वेगाने माघार घेतो त्या वेगाने झडपेला मागे आणण्याचे सामर्थ्य तिच्यात उरले नाही, की झडप कॅमला सोडून अधांतरी राहते आणि क्वचित वर येणाऱ्या दट्ट्याच्या तडाख्यातही सापडते.

हिशेब सोपा आणि निष्ठुर आहे. मिनिटाला ९००० फेरे करणाऱ्या इंजिनात कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो, म्हणजे प्रत्येक झडपेने सेकंदाला ७५ वेळा उघडून मिटले पाहिजे. ६००० वरून ९००० वर जाताना गती दीडपट होते. झडपेला आवरण्यास लागणारे बल मात्र गतीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोनपट वाढते. यावर सर्वांना प्रथम सुचणारी तजवीज म्हणजे ताठ स्प्रिंग. आणि हीच तजवीज एकटी पुरेल असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते. ताठ स्प्रिंगचा दाब कॅमच्या शिखरावर सर्वांत अधिक जाचतो तो मंद गतीत, कारण त्या वेळी जडत्व त्या दाबातून जवळजवळ काहीच वजा करीत नाही आणि तेलाचा थरही पातळ असतो. शिवाय स्प्रिंगला स्वतःची कंपनसंख्या असते. कॅमच्या धक्क्यांचा ताल तिच्याशी जुळला, की योग्य क्षणी ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणे वेटोळ्यांतली लाट वाढत जाते. म्हणूनच भिन्न कंपनसंख्येच्या दोन स्प्रिंगा एकीत एक बसवण्याचा प्रघात पडला.

स्प्रिंगलाच रजा देण्याचे प्रयत्नही झाले. १९५४ साली मर्सिडीज-बेंझने आपल्या अडीच लिटरच्या शर्यतीच्या मोटारीत झडप उघडायला एक कॅम आणि मिटायला दुसरा कॅम नेमला, आणि शर्यतपटू फांजिओने त्या मोटारीतून विजय मिळवले. दोन्ही कॅमांमधील फट सूक्ष्म मापाने राखण्याचा खर्च आणि खटाटोप मोठा, त्यामुळे मोटारींत ही रीत रुजली नाही. मोटारसायकलींत मात्र फाबिओ टालिओनी यांनी डुकाटीसाठी ती अंगीकारली आणि टिकवली. पुढे १९८६ साली रेनोने शर्यतीच्या इंजिनात पोलादी वेटोळ्याऐवजी दाबाखालचा वायू योजला. वायूला लाटेचा तो विकार जडत नाही. पण दाब गळू लागला तर भरून काढायला टाकी बाळगावी लागते, आणि एवढा सरंजाम रस्त्यावरच्या मोटारीला परवडत नाही.

तेव्हा आपल्याला स्प्रिंगशीच संसार करायचा आहे, आणि माझ्या मते त्यात पहिले कर्तव्य बळ वाढवण्याचे नसून भार उतरवण्याचे आहे. झडप, तिच्या माथ्यावरचा रिटेनर, त्याला धरणारे लॉक आणि खुद्द स्प्रिंगच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग, हे सारे क्षणोक्षणी हलवायचे ओझे होय. टायटॅनियम पोलादाहून पुष्कळ हलके, म्हणून त्याचा रिटेनर शर्यतीत शोभतो. परंतु वर्षानुवर्षे स्प्रिंगच्या घर्षणाखाली तो झिजतो, म्हणून रोजच्या मोटारीत उत्तम पोलादाचा बरा. आणि कॅमचा उंचवटा वाढवला असेल, तर स्प्रिंग पूर्ण दबल्यावर तिची वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हे मोजल्यावाचून इंजिन सुरू करू नये.

होंडाच्या एस-२००० या १९९९ साली आलेल्या मोटारीचा दाखला येथे उपयोगी आहे. दोन लिटरचे हे इंजिन ९००० फेऱ्यांपर्यंत जाते, आणि त्यापलीकडे जाऊ नये म्हणून इंधन तोडणारा बंदोबस्तही त्यात आहे. पण चौथ्या गिअरमधून पाचव्यात जाण्याऐवजी हात चुकून तिसऱ्यात गेला, तर इंजिनाला फिरवणारी शक्ती इंधनाची नसून चाकांची असते, आणि तेथे तो बंदोबस्त निरुपयोगी ठरतो. अशा प्रसंगी आरंभीच्या मोटारींतील रिटेनरला चीर जाते, आणि जाणकार मालक पुढच्या आवृत्तीतील अधिक भक्कम रिटेनर आणि लॉक बसवून घेतात. चिरलेला रिटेनर लगेच तुटतोच असे नाही. इंजिन पूर्ववत चालत राहते. म्हणून अशी चूक घडलेली मोटार कोणी विकायला आणली, तर नुसता आवाज ऐकून समाधान न मानता, वरचे झाकण काढून प्रत्येक रिटेनर उजेडात पाहावा.