मेंदू : परस्परसंबद्ध केंद्रांचा संघ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



पक्षाघाताने वाचा गेलेली वडीलधारी व्यक्ती आपल्या समाजातील अनेक घरांत असते. "आता त्यांना काही समजत नाही," असे गृहीत धरून आपण त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलू लागतो. हे योग्य आहे काय? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत शोधावे, एवढाच आजचा हेतू आहे.

सन १८६१ मध्ये पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी लेबोर्न नावाचा रुग्ण तपासला. त्याच्या मुखातून 'तां' एवढाच उच्चार निघे. परंतु इतरांचे बोलणे त्यास बव्हंशी समजत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात, पुढील भागात, इजा आढळली. वाणीचे स्थान सापडले, असे मानले गेले. पुढे १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी आकलनाशी निगडित असे दुसरे केंद्र मागील बाजूस दाखविले. ही केंद्रे तंतूंनी जोडलेली असून केवळ मधला दुवा तुटला तरी भाषा बिघडेल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जतन करून ठेवला होता. २००७ मध्ये त्याची एमआरआय तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा इजा पृष्ठभागापुरती नसून खोलवर, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचली असल्याचे दिसले. वाणी एका जागी वसत नाही. ती अनेक जागांच्या सहकार्यातून प्रकटते.

मानवी मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांच्या जोडण्यांच्या समग्र नकाशास २००५ पासून 'कनेक्टोम' म्हणतात. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने अधिक सहज सरकतात; त्यावरून जिवंत माणसाच्या मेंदूतील मार्गांचा अंदाज बांधता येतो. २०१६ मध्ये प्रत्येक गोलार्धात १८० विभाग दर्शविणारा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काही विभाग अनेकांशी जोडलेले असतात. तेथे आघात झाल्यास परिणाम दूरवर पोहोचतो.

आपला चतुर्विध संघ असाच नाही काय? प्रत्येकाचे कार्य वेगळे, पण संघ टिकतो तो परस्परसंबंधांवर. स्थान महत्त्वाचे की संबंध, या वादात अनेकांतदृष्टी सांगते की दोन्ही आपापल्या अपेक्षेने सत्य आहेत. मात्र हे सारे शरीराचे, म्हणजे पुद्गलाचे, वर्णन होय. जीवतत्त्वाचा निर्णय या यंत्रांनी होत नाही.

व्यवहारात यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चेहरा वाकडा होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अकस्मात दिसताच रुग्णास त्वरित सुसज्ज रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दुसरे, वाचा गेली म्हणजे आकलन गेलेच असे नाही. वाचा-उपचाराने आणि सरावाने उरलेले मार्ग काही अंशी कार्यभार उचलू शकतात. म्हणून त्यांच्याशी सावकाश, लहान वाक्यांत बोलावे, उत्तरासाठी थांबावे, स्तवन म्हणताना त्यांनाही जवळ बसवावे. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचे मन दुखावणे हीदेखील हिंसाच आहे.

जय जिनेंद्र.