डाळिंबावरील तेल्या : ओळख आणि बंदोबस्त
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव या कोरड्या पट्ट्यात डाळिंबाने घरे उभी केली, हे आपण पाहिले. त्याच बागा तेल्यामुळे उपटाव्या लागल्या, हेही पाहिले. १९५२ साली दिल्लीकडे नोंद झालेला हा रोग २००० नंतर आपल्या भागात झपाट्याने पसरला.

पानावर आधी पाणी भरल्यासारखा बारीक ठिपका येतो. पान उजेडाकडे धरले की तो तेलकट दिसतो, भोवती पिवळसर वलय असते. पुढे तो काळा पडतो. फळावरच्या डागाला इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर जाते. फांदीच्या पेरावर काळी खाच पडते आणि फांदी तिथेच मोडते. बुरशीच्या ठिपक्याला सहसा अशी चीर नसते. हा फरक न कळल्याने आपण दुकानदार देईल ती बाटली मारत बसतो, आणि उधारी वाढते ती वेगळीच. तेल्या जिवाणूचा रोग आहे. ताम्रयुक्त औषधे सोडली तर बहुतेक बुरशीनाशके त्यावर चालत नाहीत.

हा रोग बागेत येतो कसा? बहुधा रोगट झाडावर बांधलेल्या गुटी कलमांतून. म्हणून कलमे घेताना मातृबाग डोळ्यांनी पाहावी, पक्की पावती मागावी. पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याची कलमे फुकट मिळाली तरी महागच पडतात. पुढे पावसाचे थेंब, वारा आणि छाटणीची कात्री यांतून रोग झाडोझाड जातो. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी.

आमचा भर बहारावर आहे. मृग बहारात फळ पावसातच वाढते, म्हणून धोका सर्वांत जास्त. रोगट बागेत हस्त बहार धरावा. फळ कोरड्या हवेत पोसते. भारी जमिनीत परतीच्या पावसाने ताण बसत नाही, ही अडचण खरी आहे. आधी झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्यावी. रोगट फांद्या खाचेच्या खाली दोन इंच कापाव्यात, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. गळलेली पाने, फळे वेचून जाळावीत. बांधावर टाकू नयेत.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो फवारावे : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवावे. मिश्रणात विळा बुडवून पाहावा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. त्याच दिवशी संपवावे.

एकट्याने स्वच्छता करून भागत नाही. शेजारची सोडून दिलेली बाग उभी असेल तर पहिल्या वादळी पावसात रोग परत येतो. म्हणून छाटणीचा आठवडा गावाने मिळून ठरवावा, सोडलेल्या बागेच्या मालकालाही त्यात बसवावे आणि तारीख पुढच्या बैठकीआधी तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे लिहून द्यावी.