काचेतले माप

नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तिकीट काढायचे ते महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांना भेटायचे ते गुजरातेत. नंदुरबार जिल्ह्याच्या या टोकाला राज्याची सीमा थेट फलाटावरून जाते. स्टेशनाबाहेरचा दुचाकीवालाही ही सीमा रोज ध्यानात ठेवून असतो. दोन राज्यांचा पेट्रोलवरचा कर वेगळा, म्हणून भाव वेगळा. गुजरातेत स्वस्त पडते, म्हणून नवापूरच्या कितीतरी गाड्या टाकी भरायला पलीकडे उच्छलच्या बाजूला जातात. पंपावरचा आकडा इथे फार बारकाईने वाचला जातो. पंप अलीकडचा असो की पलीकडचा, नळी हातात घेतलेला पोरगा आधी एकच वाक्य म्हणतो, "झिरो बघून घ्या."

हे वाक्य ज्या यंत्रामुळे जन्मले, त्या यंत्राची ही गोष्ट. आणि ते यंत्र जुने झाल्यावर त्याचे काय करायचे, याचीही.

पेट्रोल पंपाचा जन्म पेट्रोलसाठी झालाच नाही. तो झाला रॉकेलसाठी. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी जेक गम्पर नावाचा किराणा दुकानदार होता. त्याच्या दुकानात रॉकेलचे पिंप आणि लोण्याची पिंपे शेजारी शेजारी असत. पिंप गळायचे आणि लोण्याला रॉकेलचा वास लागायचा. त्याची अडचण ऐकून सिल्व्हेनस बाउझर याने लाकडी दट्ट्या आणि झडपा बसवलेली एक टाकी बनवली. दांडा वर ओढला की ठरावीक माप रॉकेल बाहेर यायचे. हा पहिला पंप विकला गेला ५ सप्टेंबर १८८५ या दिवशी. पुढे मोटारी आल्या, तेव्हा १९०५ च्या सुमारास बाउझरनेच हे यंत्र पेट्रोलसाठी बदलून घेतले. विमानात इंधन भरणाऱ्या टँकरला आजही विमानतळावर 'बाउझर' म्हणतात, ते याच माणसाच्या नावावरून.

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत असो की शहाद्याच्या सपाटीवर, ज्यांनी रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभे राहून निळे रॉकेल घेतले आहे, त्यांना बाउझरचे यंत्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पिंपात उभा बसवलेला हातपंप, खाली धरलेले लिटरचे माप, मापातून नरसाळ्यात आणि नरसाळ्यातून घरच्या कॅनमध्ये. माप काठोकाठ भरले की नाही, यावर रांगेतल्या प्रत्येकाची नजर. पेट्रोल पंपाची सगळी प्रगती म्हणजे त्या नजरेला उत्तर देण्याची धडपड आहे.

आपल्या देशात पेट्रोल आधी डब्यातून विकले जाई. चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरांच्या थोडा वर मावणारा पत्र्याचा चौकोनी डबा. रिकामा झाला की तो पाणी भरायला, धान्य ठेवायला, शेवटी कापून छपराला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानाने मुंबईला निघाले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी बर्मा-शेलचे पेट्रोल आले, ते चार गॅलनच्या डब्यांतून आणि बैलगाडीवरून. टाटांच्या विमानसेवेची सुरुवात अशी बैलगाडीच्या चाकाला चाक लावून झाली. त्याच दशकात रस्त्यापासून आत जागा सोडून, गाडी आत वळवून उभी करता येईल असे पंप आपल्याकडे उभे राहू लागले.

डब्याला शिक्का होता, म्हणून माप कळत होते. पण जमिनीखालच्या टाकीतून नळीने थेट गाडीत गेलेले पेट्रोल कुणी मोजले? गिऱ्हाइकाला ते दिसत नव्हते. या शंकेवर जगभर जो तोडगा निघाला, तो या यंत्राच्या इतिहासातला सर्वात देखणा नमुना ठरला.

बिडाचा जाडजूड खांब. त्याच्या कमरेशी लोखंडी दांडा. आणि वर, माणसाच्या डोक्याच्याही बरेच वर, काचेचे मोठे नळकांडे. सगळी उंची दहा फुटांच्या आसपास. नळकांड्याच्या आत गॅलनचे आकडे लावलेली पट्टी. पंपवाला दांडा पुढे-मागे हलवायचा, तसतसे जमिनीखालचे पेट्रोल काचेत चढायचे. मागितलेल्या आकड्याच्या थोडे वर गेले, तर जादाचे पेट्रोल आतल्या नळीने आपोआप खाली टाकीत परत जायचे आणि पातळी बरोबर खुणेवर येऊन थांबायची. मग झडप उघडायची. काचेतले पेट्रोल आपल्याच वजनाने नळीतून गाडीत उतरायचे. वीज नाही, मोटर नाही. गिऱ्हाईक खाली उभे राहून काच रिकामी होताना पाहत असे. १९१० च्या दशकाच्या मध्यापासून १९३० च्या दशकापर्यंत या पंपांचा काळ होता. पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागल्यावर त्यात रंगही घालत, त्यामुळे काचेत लाल-निळे पेट्रोल चमकताना दुरून दिसे.

नंतर काच गेली आणि तबकडी आली, घड्याळासारखी, काटा फिरणारी. १९३० च्या दशकात आकड्यांची चाके आली. पेट्रोल आतल्या मीटरमधून जाताना चार दट्टे ढकलते, दट्टे दांडा फिरवतात आणि दांड्याला जोडलेली दातेरी चक्रे एका वेळी दोन हिशेब करतात : किती माल गेला आणि किती पैसे झाले. भाव बदलला की चक्रांची जुळणी बदलायची. या यंत्राला आकड्यांची मर्यादा होती. १९७९ साली अमेरिकेत गॅलनचा भाव एका डॉलरच्या वर गेला आणि तो आकडा जुन्या चाकांवर मावेना. काही ठिकाणी अर्धा भाव लावून हिशेब दुप्पट करण्याची मुभा द्यावी लागली. २०२१ मध्ये आपल्याकडे भाव शंभरी ओलांडू लागला, तेव्हा भोपाळच्या काही जुन्या पंपांवरही तीच अडचण आली.

असे जुने झालेले पंप जमवणारे लोक जगात हजारोंनी आहेत. अमेरिकेत नीट दुरुस्त केलेला काचेचा पंप हजारो डॉलरला जातो. आपल्याकडे जुन्या मोटारींचे शौकीन गाडीच्या शेजारी उभा करायला पंप शोधतात, आणि मुंबईच्या चोरबाजारात पेट्रोल कंपन्यांचे जुने इनॅमलचे फलक, तेलाचे डबे, कधी एखादे पितळी नोझल हाताला लागते. स्टँडर्ड-व्हॅक्यूम कंपनीच्या फलकांवर पंखांचा लाल घोडा असे. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या जिल्ह्यात असा फलक सापडला, तर त्याला दुसरीकडे कुठे जाऊ देऊ नये.

किंमत ठरते ती चार गोष्टींवर : यंत्र पूर्ण आहे का, मूळचे आहे का, कंपनीची खूण शिल्लक आहे का आणि वय सांगता येते का. बाहेरचा पत्रा गंजला तरी चालतो, पण आतले मीटर आणि आकड्यांची चाके कुणी काढून नेली असतील, तर पंपाची निम्मी किंमत गेली. नकलाही भरपूर असतात. नव्या पत्र्याला आम्ल लावून गंज चढवतात, मग स्क्रूची खाच कोरी राहते आणि चोरी उघडी पडते.

वय ओळखायला आपल्या देशाचा इतिहासच मदतीला येतो. भावाच्या फलकावर आणे असतील, तर तो एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण तेव्हापासून नवे पैसे आले. तबकडीवर गॅलन असेल, तर ती दशमान मापे सक्तीची होण्याच्या, म्हणजे १९६२ च्या आधीच्या काळातली समजावी. त्यातही आपला गॅलन ब्रिटिश, सुमारे साडेचार लिटरचा. अमेरिकेचा पावणेचार लिटरांच्या किंचित वर. नळकांड्यातल्या गॅलनचे माप घेतले की पंप कुठल्या देशासाठी बनला, ते कळते. आणि नाव तर तारीखच सांगते. एस्सोचे १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम झाले. जानेवारी १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने घेतली आणि १९७७ मध्ये तिचे भारत पेट्रोलियम झाले. कॅलटेक्सही त्याच सुमारास हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये गेली.

म्हणूनच दुरुस्तीला बसणाऱ्याने सर्वात आधी रंगाचा डबा दूर ठेवावा. लोक उत्साहाने पंप आणतात, दोन दिवसांत घासून लखलखीत करतात आणि झगझगीत लाल रंग मारतात. फोटो छान येतो. पण पंपाची जन्मपत्रिका पॉलिश पेपरबरोबर धुळीत गेलेली असते.

जाणकार कारागीर आधी चारही बाजूंनी फोटो काढतो. मग दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्या जागी अलगद गोल फिरवत राहतो. हळूहळू एकात एक वर्तुळे उमटतात, झाडाच्या खोडात दिसतात तशी. एखाद्या पंपावर बाहेरचे वर्तुळ निळे, आतले पिवळे, त्याच्या आत लाल आणि मधोमध कारखान्यातला अस्तराचा रंग असू शकतो. एवढ्याशा जागेत कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण वाचता येते. ही खिडकी तशीच राखून बाकीचे काम करावे. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून घासकाम ओलेच करावे आणि तोंडाला मास्क बांधावा.

बिडाचे आणि लोखंडाचे सुटे भाग गंजाने धरले असतील, तर हातोडा नको. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याचा सोडा घातलेले पाणी, बॅटरी चार्जरची ऋण बाजू भागाला, धन बाजू साध्या लोखंडाच्या तुकड्याला. रात्रभरात गंज सुटून येतो. तो तुकडा स्टेनलेसचा मात्र कधीही नसावा, त्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते. हे काम उघड्या हवेत करावे. चामड्याचे वायसर वाळून कडक झालेले असतात, ते त्याच जाडीचे नवे कापून तेलात मुरवून बसवावेत. पितळी नोझलला चिंच पुरते. शिशाचे सील मात्र तोडू नये. वैधमापन निरीक्षकाने त्यावर ठोकलेल्या शिक्क्यात वर्ष असते आणि तिमाहीचे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. या पंपाचे माप शेवटचे कधी तपासले गेले, याचा तो पुरावा आहे. पाच लिटरच्या मापात पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, ही आजची कसोटी त्याच परंपरेतली.

दोन गोष्टी कायद्याच्या आणि जिवाच्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याच्या व्याख्येत पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आणि पंपाच्या पोटात पेट्रोलची वाफ वर्षानुवर्षे दडून राहते. जुन्या पंपाला किंवा टाकीला थेट गॅस कटर लावणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. दुरुस्त केलेला पंप फक्त पाहण्यासाठी ठेवावा, त्यात पुन्हा पेट्रोल भरू नये.

गॅस कटरचा उल्लेख अशासाठी, की जुन्या पंपाचा शेवट बहुधा तोच करतो. नंदुरबार जिल्ह्यातून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो. नवापूर-विसरवाडीवरून सुरत-धुळे महामार्ग जातो. अक्कलकुवा, तळोदा, शहादा असा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. यातल्या अंकलेश्वरला मे १९६० मध्ये जमिनीतून तेल निघाले, त्याच महिन्यात महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली. एवढ्या तेलाच्या वाटांवरच्या जिल्ह्यात एखादे जुने यंत्र जिनिंगच्या गोडाऊनमागे, गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा बंद पंपाच्या खोलीत उभे असेल, तर ते किलोच्या भावाने जाऊ नये. बिडाचे वजन भरपूर, म्हणून भंगारवाल्याला ते आवडते. पण बीड वितळले की आकड्यांची चाके, सील, रंगांचे थर, सगळे एका वजनात जाते.

ज्याच्या दृष्टीस असे यंत्र पडेल, त्याने निदान एवढे करावे. चार फोटो, दाराच्या आतल्या पट्टीवरचा क्रमांक, आणि त्या पंपावर काम केलेला कुणी म्हातारा माणूस गावात असेल, तर त्याच्या आठवणी वहीत. नंतर जागा शोधता येईल. दुरुस्ती आय.टी.आय.च्या फिटरच्या मुलांकडे द्यावी, कारण झडप, दट्ट्या, दातेरी चक्र हे सगळे त्यांच्या अभ्यासक्रमातलेच आहे आणि असा धडा त्यांना पुस्तकात मिळणार नाही. काम पुरे झाले, की त्याच म्हाताऱ्या पंपवाल्याला आधी बोलवावे. त्याने बाजूचा हँडल फिरवावा, खिडकीतली चाके एकामागून एक उलटत शून्यावर येऊ द्यावीत, आणि भोवती जमलेल्या मुलांना त्याने आपल्या जुन्या सवयीने सांगावे : "झिरो बघून घ्या."