नीतीचा आधार : बुद्धि कीं भावना ?

श्रोतेहो, योग्य काय हें आपणांस बहुधा ठाऊक असतें. मग आपल्या हातून तें घडत कां नाहीं? अठराव्या शतकांत युरोपांतील दोन थोर तत्त्वज्ञांनीं या जुन्या प्रश्नाचा निरनिराळ्या दिशांनीं विचार केला.

एडिंबरो येथें १७११ सालीं जन्मलेल्या डेव्हिड ह्यूमचें म्हणणें असें कीं, बुद्धि एकटी मनुष्यास कृतीला प्रवृत्त करूं शकत नाहीं. ती वाट दाखविते. चालावयास लावते ती भावना. उलट, प्रशियांतील कोनिग्जबर्गच्या इमॅन्युएल कांटनें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितलें कीं, बदलत्या भावनेवर नीति उभारतां येत नाहीं. पेढीची पत राहावी म्हणून लहान मुलालाही रास्त भावानें माल देणारा दुकानदार प्रामाणिकपणें वागतो खरा, पण तेवढ्यानें तें वागणें नैतिक मोलाचें ठरत नाहीं. मी ज्या नियमानें वागतों तो सर्वांचा नियम व्हावा अशी इच्छा मला करतां येईल काय, ही कांटची कसोटी. मनाचा कल विरुद्ध असतांही केवळ कर्तव्य म्हणून वागते ती सदिच्छा.

या वादाचा निकाल मजसारखा शाळामास्तर काय लावणार ? पण १९९१ सालचा एक प्रसंग सांगतों. वार्षिक परीक्षेची गणिताची उत्तरपत्रिका पाहून एक विद्यार्थी मजजवळ आला व हळूच म्हणाला, "गुरुजी, बेरजेंत चार गुण जास्त पडले आहेत." ते वजा केले असतां तो नापास होत होता. त्याच्या घरची गरिबी मला ठाऊक होती. मी म्हणालों, "असूं दे." त्यावर त्यानें विचारलें, "मग ज्याला तीन गुण कमी पडले, त्याचें काय ?"

मीं गुण कमी केले. मुलाचें एक वर्ष गेलें.

माझी दया खोटी नव्हती. पण ती समोर उभा होता त्याच्यापुरतीच होती. सहानुभूति जवळच्यांकडे झुकते, व व्यापक दृष्टीनें ती सुधारावी लागते, हें ह्यूमलाही मान्य होतें. जो समोर नव्हता त्याची आठवण बुद्धीनें करून दिली, आणि तीही माझ्या नव्हे, त्या मुलाच्या ! परत जातांना त्याचे डोळे भरून आले होते. म्हणजे भावना त्यालाही होती. निर्णय मात्र त्यानें तिच्या हातीं दिला नाहीं.

तेव्हांपासून स्वतःसाठीं एखादी सवलत घ्यावी असें मनांत आलें, कीं मी त्याचाच प्रश्न स्वतःस विचारतों : मग बाकीच्यांचें काय ? उत्तर लागलीच मिळतें. त्याप्रमाणें वागणें मात्र, श्रोतेहो, अजूनही प्रत्येक वेळीं साधत नाहीं.