काटा सांगत होता

भाषण करायची मला सवय नाही. बोनेट उघडून, आत डोकं घालून बोलायची सवय आहे. त्यामुळे समोर इंजिन नाही, नुसता मायक्रोफोन आहे, याचं जरा अवघडल्यासारखं होतंय. १९८२ साली खडकीच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. पाने पुसून हातात द्यायचे आणि चहा आणायचा, हे माझं पहिलं काम. पुढे स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे, ‘मिस्त्री, ही गाडी भरवशाची आहे का?’ आज मी तुम्हाला एका गाडीबद्दल आणि या प्रश्नाला मी दिलेल्या एका चुकीच्या उत्तराबद्दल सांगणार आहे.

गाडी म्हणजे जुनी मर्सिडीज. कारखान्याच्या भाषेत तिचं नाव डब्ल्यू १२४. ही गाडी जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली. १९९३ पासून तिला ई-क्लास म्हणू लागले. तिची सगळी रूपं धरली तर सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. पुण्याच्या माणसाला तर ती थोडी घरचीच वाटते. मर्सिडीजने टेल्कोबरोबर भागीदारी करून १९९५ साली पिंपरीत गाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा पहिली गाडी हीच होती. गंमत अशी, की त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा पुढच्या मॉडेलने घेतली. म्हणजे तिकडे निरोपसमारंभ चालू होता आणि इकडे आपण सनई-चौघडे वाजवत होतो. पण आपलं काही नुकसान झालं नाही. पुढे अनेकांनी, त्यात जर्मनही आले, असंच म्हटलं, की जुनीच जास्त टिकाऊ होती. नंतरच्या मॉडेलच्या पत्र्याला गंज फार लवकर धरतो, असा बोभाटा झाला आणि तसतसं जुन्या गाडीचं नाव आणखी मोठं होत गेलं.

हे नाव फुकटचं नव्हतं. या गाडीचं दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज येतो. पुढच्या काचेला वायपर एकच, पण फिरता फिरता तो लांब-आखूड होतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरून ठेवलंय, त्यामुळे खड्ड्यातून गेली तरी गाडी आपली चाल सोडत नाही. पिंपरीहून निघालेल्या डिझेल गाडीचं इंजिन अडीच लिटरचं, पाच सिलिंडरचं. नीट ठेवलं तर हे इंजिन लाखो किलोमीटर चालतं. अर्थात ही गाडी देवाने केलेली नव्हती. १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतल्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंजिनावरच्या वायरींचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं, हे जगभरच्या मालकांना ठाऊक आहे. पण एकदा एखाद्याचं नाव झालं, की लोक उणं विसरतात आणि दुणं सांगतात.

माझ्या गॅरेजात एक गृहस्थ यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं. कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यांनी पिंपरीच्या रस्त्यावर या गाड्या पहिल्यांदा पाहिल्या आणि त्या मनात बसल्या. २००८ साली ते निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले. २००९ च्या मार्च महिन्यात ते स्कूटर लावून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, ‘मिस्त्री, मुंबईच्या एका व्यापाऱ्याची १९९६ ची डिझेल मर्सिडीज विकायची आहे. तीन लाख दहा हजार म्हणतोय. एवढ्यात नवी छोटी गाडी येते. काय करू?’

मी गाडी पाहिली. खाली झोपून पत्रा पाहिला, गंज नव्हता. इंजिन थंड असताना चालू केलं, अर्ध्या चावीत सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही, गिअर लोण्यासारखे. मग रेडिएटरच्या टाकीचं झाकण उघडलं. आत तपकिरी पाणी होतं. कूलंट नव्हतं, साधं नळाचं पाणी, गंजाच्या रंगाचं. गाडी दोन वर्षं जवळजवळ उभीच होती, हेही मला कळलं होतं. मनात आलं, ‘बघू नंतर.’ अण्णांचा चेहरा लग्नाला निघालेल्या मुलासारखा झाला होता. मी झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणालो, ‘घ्या अण्णा. ही गाडी मोडत नाही.’

श्रोतेहो, हे वाक्य मी त्या दिवशी बोललो, पण ते माझं नव्हतं. ते गाडीच्या नावाचं वाक्य होतं. मी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते सांगितलंच नाही. जे लोकांकडून ऐकलं होतं, ते सांगितलं.

आता त्या तपकिरी पाण्यात एवढं काय होतं, ते सांगतो. या इंजिनाचा खालचा भाग, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, तो बिडाचा आहे. वरचं हेड ॲल्युमिनियमचं. दोन्हींच्या मध्ये गॅस्केट. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यातून फिरणारं पाणी, म्हणजे गंजाला आमंत्रण. कूलंट नुसतं पाणी थंड ठेवायला नसतं. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि पाणी उकळायचं तापमानही त्याने वाढतं. पण ही रसायनं कालांतराने संपतात, म्हणून अशा जुन्या गाडीत दर तीन वर्षांनी कूलंट बदलायचं. ते केलं नाही, की आत गाळ साचतो, वाटा चोंदतात. वरून रबराचे होज पाइप. गाडी चालो की उभी राहो, रबर म्हातारं होतच असतं. बाहेरून काळंभोर दिसतं, दाबून पाहिलं की बिस्किटासारखं कुरकुरतं. मी दाबून पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात अण्णा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाले. बरोबर बायको, मुलगी आणि दोन वर्षांचा नातू. उन्हाचा कडाका. दुपारी एकच्या सुमारास मला फोन आला, ‘मिस्त्री, खंबाटकी घाटात आहे. टेंपरेचरचा काटा बिघडलाय बहुतेक. आणि गाडी बंद पडलीये.’

मी विचारलं, ‘काटा कुठे होता?’

‘चढ लागल्यापासून वरवर जात होता. शेवटी एकशेवीसला टेकला. मी म्हटलं, काटाच खराब असेल.’

मी टोइंगवाल्याला घेऊन घाटात पोचलो, तेव्हा तीन तास झाले होते. मुलगी नातवाला घेऊन एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसली होती. पोराचं तोंड लाल झालं होतं. बोनेट उघडलं. वरचा होज पाइप उभा चिरला होता. पाण्याचा थेंब नव्हता. अण्णांनी तशीच गाडी चढवत नेली होती. दुसरी कुठलीही गाडी असती, तर अण्णांनी काटा अर्ध्याच्या वर जाताच ती बाजूला घेतली असती. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, मशीनचा आवाज बदलला तर त्याला झोपेतही कळलं असतं. पण ‘ही गाडी मोडत नाही’ असं मिस्त्रीने सांगितलं होतं ना!

हेड उतरवलं. गॅस्केट जळली होती. हेड वाकलं होतं. फेसिंग करून चाललं असतं एवढंच असतं तर गोष्ट वेगळी, पण बारीक तडाही गेला होता. नव्या हेडसकट सगळ्याचा हिशेब सव्वा लाखाच्या पुढे जात होता. इथे जुनी मोठी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने कानाला गाठ मारून ठेवावी अशी एक गोष्ट आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. तुम्ही गाडी छोट्या गाडीच्या भावात घेता, पण हेड, ब्रेक आणि सस्पेन्शन घेता ते मोठ्या गाडीच्याच भावात. पहिला मालक गाडीची किंमत देतो. तिसरा मालक तिच्या नावाची किंमत देतो.

अण्णांना हिशेब सांगताना माझी मान वर होत नव्हती. मी सुरुवात केली, ‘गाडीच...’ अण्णांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘मिस्त्री, गाडीला बोल लावू नका. गाडी सांगत होती. काटा वर जात होता. मी काट्यावर विश्वास ठेवला नाही, तुमच्या शब्दावर ठेवला.’

त्या रात्री मी त्यांना तपकिरी पाण्याचं सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, ‘दुरुस्त होईल ना?’

मी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत चांगलं हेड मिळालं. मजुरी घेतली नाही, ती घ्यायचा प्रश्नच नव्हता. तरी अण्णांचे बासष्ट हजार गेले. निवृत्त माणसाचे बासष्ट हजार. पाच आठवड्यांनी गाडी सुरू झाली. किल्ली देताना मी त्यांना एक दोनशे पानी वही दिली. पहिल्या पानावर त्या दिवशीचे किलोमीटर, तारीख आणि बदललेली प्रत्येक वस्तू लिहिली. कूलंट कधी बदलायचं, ब्रेक ऑइल कधी, पट्टे कधी, होज कधी. खाली एक ओळ लिहिली, ‘काटा ऐंशीच्या आसपास हवा. वर जायला लागला की गाडी बाजूला घ्यायची, मग कोणी काहीही सांगो.’

पुढे एकदा वर्तमानपत्रात एका ग्रीक टॅक्सीवाल्याबद्दल वाचलं. ग्रेगोरिओस साचिनिदिस त्यांचं नाव, गाव थेसालोनिकी. त्यांची गाडी आपल्या या गाडीच्याही आधीच्या पिढीतली, १९७६ ची मर्सिडीज २४० डी. त्यांनीही ती जुनीच घेतली होती. ती ४६ लाख किलोमीटर चालली. २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली आणि त्यांना नवी गाडी दिली. लोक म्हणतात, बघा केवढी गाडी! मीही आधी तेच म्हणालो असतो. पण ते ४६ लाख किलोमीटर काही एका इंजिनावर झाले नाहीत. इंजिनं उतरवली गेली, दुरुस्त झाली, पुन्हा चढवली गेली. संग्रहालयात गाडी ठेवली आहे, पण विक्रम खरा त्या माणसाचा आहे.

आणि आणखी एक. आज रस्त्यावर जी जुनी गाडी तुम्हाला दिसते आणि तुम्ही म्हणता, ‘तीस वर्षं झाली तरी कशी पळते,’ ती कुणीतरी सांभाळलेली गाडी असते. जी सांभाळली नाही, ती केव्हाच भंगारात गेली. भंगारात गेलेल्या गाड्या साक्षीला येत नाहीत. म्हणून जुन्या गाडीचं नाव नेहमी थोडं फुगलेलं असतं. नाव ऐकून कंपनीने गाडी कशी बनवली ते कळतं. तुमच्या पुढ्यात उभ्या असलेल्या गाडीला गेल्या दहा वर्षांत कुणी कसं वागवलं, ते नावात लिहिलेलं नसतं.

आता मला कुणी विचारलं, ‘मिस्त्री, गाडी भरवशाची आहे का?’ तर मी उलट विचारतो, ‘वही आहे का?’ बिलं, नोंदी, काहीतरी कागद. नसेल, तर रेडिएटरचं झाकण उघडतो आणि आत जे दिसेल ते गिऱ्हाइकाला स्वतः वाकून पाहायला लावतो. काही गिऱ्हाइकं नाराज होतात. होऊ देत.

अण्णांची गाडी अजून आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून घेतलं, पुढे दर पाच वर्षांनी होतंय. अण्णांना आता गाडी चालवणं झेपत नाही, मुलगी चालवते. घाटात झाडाखाली बसला होता तो नातू आता मिसरूड फुटलेला मुलगा आहे. मी दिलेली वही भरली, आता दुसरी चालू आहे.

गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. ‘काका, कात्रजच्या चढावर काटा शंभराकडे सरकायला लागला. मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलंय. बोनेट उघडलेलं नाही. तुम्ही या, मी थांबते.’

गेलो. होज शाबूत होता, त्याचा क्लॅम्प सैल झाला होता. तो महिन्यापूर्वी मीच बसवला होता. इंजिन थंड होऊ दिलं, क्लॅम्प आवळला, कूलंट भरलं, गाडी पुन्हा सुरू. तिला म्हटलं, ‘चूक माझी आहे, वहीत तसं लिही.’ ती हसली आणि गाडीच्या खणातून वही काढून तिने खरंच लिहिलं. तारीख, किलोमीटर आणि खाली, ‘क्लॅम्प सैल. काका चुकले.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)