भटक्या पेशी आणि कॅल्शियमचें दार

जालना जिल्ह्यांत मोसंबीच्या बागेंत दारें धरणारा शेतकरी जाणतो कीं, दार मोकळें राहिलें म्हणजे पाणी भलतीकडे धांवतें. स्तनाच्या कर्करोगांतील कांहीं पेशींचेंहि तसेंच होतें. ओराय-१ ह्या दारानें कॅल्शियम आंत शिरतें. शेजारचें एसके-३ पोटॅशियम बाहेर सोडून त्यास जोर देतें. आणि पेशी हाडांकडे निघते. जिवावर बेततें तें बहुधा ह्या भटकंतीमुळेंच. २०१३ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं, ओमलाइन हें कृत्रिम मेदद्रव्य ह्या दोन दारांची जोडी फोडतें. पेशी मरत नाहीं. परंतु आंत येणारें कॅल्शियम आटतें व उंदरांच्या हाडांतील प्रसार घटतो. हें यश प्रयोगशाळेंतलें. गांठ हाताला लागतांच संकोच सोडून तपासणी करविणें, हें दार मात्र प्रत्येक घराला आजच धरतां येतें.