माती, धातू आणि आपले ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रातले मोठे शब्द मजकडून ऐकायला मिळणार नाहीत. पण परसातले अळू आणि मुलांच्या ताटातला भात हा आपलाच प्रांत आहे. म्हणून या विषयावर चार शब्द बोलायचे मी कबूल केले.

तांबे, जस्त, शिसे हे धातू खनिज दगड भट्टीत वितळवून काढतात. त्या वेळी धुराबरोबर धातूची बारीक धूळ उडते आणि भोवतालच्या मातीत बसते. पालापाचोळा कुजतो, धातू कुजत नाही. भट्टी बंद पडली तरी तो तिथेच राहतो.

कोणी म्हणेल, झाडाला तांबे-जस्त लागतेच ना? लागते, पण आमटीला मीठ लागते तेवढेच. जास्त झाले की मुळे आखूड होतात, कोवळी पाने पिवळी पडतात, रोप खुरटते. शिसे आणि कॅडमियम यांची तर झाडाला मुळीच गरज नाही.

कोकणच्या मातीला अधिकच जपले पाहिजे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमसुलाचे सार ठेवले तर ते कळकते, हे आपण जाणतोच. आंबटपणा धातू विरघळवतो. आपली तांबडी माती मोठ्या पावसाने मुळातच आंबट झालेली. भट्टीच्या धुरातला गंधकाचा वायू तिला आणखी आंबट करतो. मग धातू मुळांत लवकर शिरतो.

रत्नागिरीस स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना व्हायचा होता. हापूसच्या बागांची काळजी वाटून लोक उठले आणि १९९३ साली बांधकाम थांबले. पुढे तो कारखाना तमिळनाडूत तुतुकुडीस गेला. तेथेही लोकांचा विरोध झाला. मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे गेली आणि कारखान्यास टाळे लागले.

खुरटलेले रोप निदान डोळ्यांना दिसते. कॅडमियमचे तसे नाही. भात हिरवागार दिसतो आणि धातू दाण्यात उतरलेला असतो. जपानात तोयामा भागात जस्ताच्या खाणीचे व कारखान्याचे पाणी जिंझू नदीतून भातशेतीत गेले. तो भात वर्षानुवर्षे खाऊन माणसांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. रोग्यांत बहुतेक बाळंतपणे झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या बायका होत्या. त्या वेदनेने “इताई, इताई” म्हणत, म्हणजे “दुखतंय, दुखतंय”. तेच रोगाचे नाव पडले. १९६८ साली सरकारने कारण मान्य केले. शेतातली माती सुधारण्याचे काम संपायला २०१२ साल उजाडले.

आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत मुख्यत्वे रसायनांचे कारखाने आहेत. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचा गाळ आपल्या घरादारांत शिरला. तो सगळा विषारी होता असे मी म्हणत नाही. पण तपासल्यावाचून निर्धोक तरी कसा म्हणावा? मृद् आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबे, लोह पाहतात. शिसे आणि कॅडमियम त्यात नसते. म्हणून ग्रामसभेत बायकांनी उभे राहून या दोन धातूंची निराळी तपासणी मागावी, असे मी सुचवते.

तोवर घरी एवढे करू या. जुन्या बॅटऱ्या फोडतात किंवा भंगार जाळतात तेथे भाजी लावू नये. पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुवावी, कंद सोलून घ्यावे. शिजवल्याने धातू जात नाही हे ध्यानात असावे. तपासणीत सांगितल्याप्रमाणे चुना आणि शेणखत घातले तर धातू मुळांत कमी शिरतो. मातीतून मात्र निघून जात नाही. म्हणून आधीच जपलेले बरे.

तांदूळ निवडताना आपण एक खडा राहू देत नाही. न दिसणाऱ्या खड्याचीही चौकशी आपणच केली पाहिजे.